गुप्त प्रयोग, दिवस नववा

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. तिथे काय विचारायचे आणि काय नाही, हे घरी कोणाला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. त्यामुळे फळ्यावर एनसीसीच्या निवडीची सूचना लागली तेव्हा मी ती तीनदा वाचली आणि कोणालाच काही विचारले नाही. उंचीच्या अटीत मी बसत होते. वजन मात्र निदान चाळीस किलो हवे होते. माझे साडेसदतीस होते. हातात पाच आठवडे होते.

मला एनसीसी का हवी होती हे सांगायला थोडा संकोच वाटतो. देशसेवा मनात होती, नाही असे नाही. पण खरे कारण बूट होते. त्या मुली परेडला चालायच्या तेव्हा सगळ्यांचा मिळून एकच आवाज यायचा. मी वर्गात शिरले तरी कोणाला पत्ता लागत नसे. हजेरीला मी ‘प्रेझेंट’ म्हणायचे आणि सर माझा नंबर पुन्हा पुकारायचे. तोंडाचा नाही तर निदान पायांचा तरी आवाज व्हावा, असे मला वाटे.

आई मालवणच्या बाजारात मासे विकते. बांगडे, पेडवे ती वाटे लावून देते, सुरमई मात्र हॉटेलवाल्यांना वजनावर. बांगडे गुंडाळायला ती हॉटेलातूनच रद्दी आणायची. त्या रद्दीत एकदा पर्यटकांनी टाकून दिलेली इंग्रजी कॉमिक्स निघाली. मी ती डिक्शनरी घेऊन वाचायला बसले. इंग्रजी सुधारेल, असे घरी सांगितले होते. ते खोटे नव्हते, पण पूर्ण खरेही नव्हते.

पुस्तके वेगवेगळी होती, तरी गोष्ट एकच. एकात अशक्त पोस्टमन, एकात खोकणारा कारकून. लष्कर त्याला हाकलून देते. मग डोंगराखालच्या गुप्त प्रयोगशाळेत एक टकला डॉक्टर त्याला निळे औषध देतो, विजा चमकतात, आणि पुढच्या पानावर त्याचा शर्ट फाटतो. मला हे पटले. शर्टाची तेवढी काळजी वाटली, कारण कॉलेजात घालण्यासारखे माझे ड्रेस दोनच होते.

औषधात काय असते ते ज्या पानावर लिहिलेले असणार, ते पान नेमके नव्हते. आईने त्यात कोणाचे तरी बांगडे बांधून दिले होते.

“कोणाक दिलंस ता?” मी विचारले.

“कित्याक गो? बांगडे परत मागतलंस?”

म्हणून औषध मलाच ठरवावे लागले. उकड्या तांदळाची पेज, नाचणी, कुळथाचे पीठ आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या उकडलेले पाणी. निळा रंग यावा म्हणून कपड्यांची नीळ घ्यायला गेले, तर आईने डबा हातातून काढून घेतला आणि फक्त एकदा माझ्याकडे बघितले. मग शेगलाचा, म्हणजे शेवग्याचा, पाला वाटून घातला. औषध हिरवे झाले. डॉक्टर मी आणि सैनिकही मीच, त्यामुळे परवानगीचा प्रश्न आला नाही. चवीबद्दल मात्र डॉक्टरचे आणि सैनिकाचे रोज वाजायचे.

कॉमिकमधल्या डॉक्टरकडे असते तशी मी एक वही केली. ‘गुप्त प्रयोग, दिवस पहिला. वजन साडेसदतीस. विजा नाहीत.’ वही तांदळाच्या डब्यामागे ठेवली. गुप्त म्हणून ठेवली, पण आमच्या घरात जेवायला सगळे तिथेच बसतात.

दहाव्या दिवशी ती बाबांना सापडली.

माझे बाबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी आहेत. हिवाळ्यात मात्र गावातल्या हौशी मंडळींच्या दशावतारात राक्षसाचे काम करतात. अंगाने ते माझ्यासारखेच. आता आमच्याकडे ‘प्रयोग’ म्हटले की प्रयोगशाळा कोणाच्या डोक्यात येत नाही. प्रयोग म्हणजे दशावताराचा नाट्यप्रयोग. बाबा वही उघडून बसले होते, आणि ते रागावले नव्हते. त्यांना वाईट वाटले होते.

“नऊ दिवस,” ते म्हणाले. “आमच्या कंपनीक नऊ दिवस सलग प्रयोग कधी गावले नाय. आणि तुका गावले ते बापाशीक सांगूक नाय?”

“बाबा, तसो प्रयोग नाय तो.”

“गुप्त कित्याक पण? गुप्त ठेवलास तर बघूक कोण येतला?”

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. अशक्त माणूस, औषध, सैनिक. बाबांनी सगळे शांतपणे ऐकले. शेवटी विचारले, “म्हणजे तुझो पार्ट सैनिकाचो?”

“होय,” मी म्हणाले. मी थकले होते.

“सैनिकाक भाषण नसता गो. नुसतो भालो घेवन उभो. तू राक्षस माग.”

आई चुलीपाशी तोंड फिरवून बसली. तिचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवसापासून बाबा मला संध्याकाळी समुद्रावर न्यायला लागले. राक्षस अंगाने होत नाही, असे त्यांचे म्हणणे. “माका बघ. वाऱ्यान उडान जायन. पण आवाज बेंबीखालसून काढलंय की पुढची पोरा आवशीच्या मांडीर चढतत.” लाटेच्या आवाजावर आपला आवाज चढला पाहिजे, हा त्यांचा नियम. पहिले चार दिवस माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पाचव्या दिवशी होडीखाली झोपलेले कुत्रे उठून निघून गेले. बाबा खूश झाले. वहीत मी लिहिले, ‘दिवस पंधरावा. वजन वाढ नाही. कुत्रा गेला.’

वजन मी दर शनिवारी रेशन दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर करायचे. निवडीच्या आदल्या शनिवारी काटा चाळीसवर टेकला. मी धावत घरी येऊन आईला सांगितले.

“रेशनच्या काट्यार?” आई म्हणाली. “थंय सगळ्यांचाच वजन वाढता. तांदूळ तेवढो कमी भरता.”

आईचा कोणत्याच काट्यावर विश्वास नाही. हॉटेलवाला आपला घड्याळासारखा गोल काटा घेऊन येतो. आई सुरमई हातातच धरून ठेवते, आधी रिकामा काटा बघते आणि मगच मासा ठेवते. “आधी काटो बघूचो, मगे म्हावरा ठेवचा,” हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकले होते की ते मला ऐकूच येईनासे झाले होते.

निवडीच्या दिवशी मी दोन वाट्या औषध प्यायले. मैदानावर टेबल होते, वजनाचे मशीन होते, आणि जुन्या कॅडेट मुली रांगेत विश्रामात उभ्या होत्या. माझा नंबर आला. एनसीसीच्या सरांनी वाकून काटा पाहिला.

“साडेअडतीस,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी ये हं, बाळ. काहीतरी खात जा.”

मी खाली उतरले. पाच आठवडे, आणि सरांनी दोन वाक्यांत सगळे संपवले. जायला निघाले आणि सवयीने मागे वळून रिकाम्या मशीनकडे बघितले. काटा शून्याच्या अलीकडेच थांबला होता, चांगला दीड किलो.

हे सरांना सांगायचे म्हणजे मोठे संकट होते. सर म्हणजे सर. त्यांचे मशीन चुकीचे आहे असे कसे म्हणायचे? मी मनात शुद्ध मराठीत वाक्य जुळवले. ‘सर, कृपया, मला असे वाटते की...’ एवढे जुळले आणि पुढच्या मुलीने मशीनवर पाय ठेवायला उचलला. आता सांगितले नाही तर वर्ष गेले. मी तोंड उघडले. आवाज बेंबीखालून आला, आणि तो मालवणीत आला.

“सर, काटो शून्यार नाय.”

रांगेतल्या सगळ्या मुली खाड्कन सावधानमध्ये आल्या. चहाचा ट्रे घेऊन येणारे शिपाई एक पाय उचललेला तसाच ठेवून थांबले. पुढच्या मुलीने आपला पाय मागे घेतला.

सरांनी माझ्याकडे पाहिले, मग काट्याकडे. खाली बसून त्यांनी मशीनच्या बाजूची चकती फिरवली. काटा शून्यावर आला. मग त्यांनी बोटाने मला पुन्हा चढायला सांगितले.

काटा चाळीसला पोचला की किंचित आधी थांबला, हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही. मला एक केसभर जागा दिसली. सर बराच वेळ वाकून होते. मग त्यांनी वर बघितले. बहुधा मी पुन्हा काही बोलेन असे त्यांना वाटले असावे.

“चाळीस,” ते घाईने म्हणाले आणि लिहिले.

बूट एक नंबर मोठे मिळाले. ते हातात घेऊन संध्याकाळी घरी आले तेव्हा आई टोपली धूत होती आणि बाबा अंगणात खळ्यावर जाळे शिवत बसले होते. त्यांनी मान वर केली.

“प्रयोग कसो झालो गो?”

मी समजावून सांगणार होते. मशीन, चकती, सर, सगळे. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघितले आणि बूट खाली ठेवले.

“रंगलो,” मी म्हणाले.