कायद्याने निजलेला ड्रायव्हर

माझा नवरा सोलापुरात एका शेठची मालमोटार चालवायचा. तेव्हा नवा कायदा आला होता. सलग पाच तास गाडी चालवली की ड्रायव्हरने अर्धा तास विसावा घ्यायचाच. बाकीचे ड्रायव्हर ऐकून हसले. माझ्या नवऱ्याला मात्र एकदा ताकीद मिळालेली, पुन्हा सापडला तर लायसन जाणार होतं. मग त्याने गजराचं घड्याळ घेतलं. ते वाजलं की असेल तिथे गाडी उभी.

माझ्या धाकट्या भावाचं लग्न नातेपुत्याला होतं. नवरीचं लुगडं आम्ही नेत होतो. शेठच्या माणसांनी लुगड्याची पेटी आधी गाडीत टाकली आणि तिच्यावर तुरीची चाळीस पोती रचली. मला कुणी विचारलं नाही.

मांडवातला ताशा ऐकू यायला लागला आणि घड्याळ वाजलं. नवऱ्याने गाडी लिंबाखाली घेतली आणि घोंगडी अंथरली.

मी म्हणाले, "मुहूर्ताला ईस मिनिटं ऱ्हायल्यात."

"लायसन गेलं तर तुजा भाऊ मला पोसणार हाय व्हय?"

आणि तो घोरायला लागला. त्याला झोप कधीच उशिरा आली नाही.

उसाच्या दोन रिकाम्या बैलगाड्या येत होत्या. मी हात करून थांबवल्या आणि लुगड्याची पेटी पोत्यांखाली अडकल्याचं सांगितलं. गाडीवानांना हसू आवरेना, पण त्यांनी चारही बैल सोडून मोटारीला जुंपले. ब्रेक कसा सोडायचा ते मला बघून बघून माहीत होतं. मी चाक धरून बसले.

वेशीत हवालदार आडवा आला. ड्रायव्हर कुठे, म्हणून दरडावून विचारलं.

"लिंबाखाली. कायद्यानं निजल्यात."

"मग गाडी कोण चालवतंय?"

"बैल."

त्याने बैलांकडे पाहिलं, इंजिनाला हात लावला आणि बराच वेळ विचार केला. बैलांचे किती तास झाले, तेही विचारलं. गाडीवान म्हणाला, सकाळपासून जुंपलेत. हवालदाराला यात गुन्हा सापडेना. त्याने आम्हाला सोडलं.

फेटे बांधलेल्या वऱ्हाड्यांनी चाळीस पोती उतरवली. नवरीने लुगडं नेसलं, त्याला तुरीचा वास येत होता. अक्षता वेळेवर पडल्या.

तिकडे नवरा जागा झाला. गाडी नाही. चोरी झाली म्हणून तो उलट्या दिशेने मागच्या गावच्या चौकीवर पळत गेला. परत आला तेव्हा पंगती उठल्या होत्या. लायसन शाबूत होतं. जेवायला गार आमटी उरली होती, ती मी वाढली.