शाई नसलेला अंगठा

“ताई, वेरूळ तर सगळेच बघतात. एकदा माझी बँक बघायला ये,” मावसबहीण संगीता फोनवर म्हणाली आणि वेरूळजवळच्या तिच्या शहरात जायला मी नांदेडहून सकाळची गाडी पकडली. तुम्ही जाणार असाल तर मुकुंदवाडीच्या छोट्या स्टेशनावर उतरा. गर्दी कमी असते, शेअर रिक्षाही लगेच मिळते.

संगीता बँक सखी आहे. वस्तीतल्या बायकांचे व्यवहार ती आपल्या ओसरीतच करते. एक लॅपटॉप आणि अंगठा टेकवायचं छोटं यंत्र, एवढीच तिची बँक. त्या दुपारी बचत गटाच्या बायका जमल्या होत्या. गुलमंडीच्या कापडदुकानांतले उरलेले तुकडे आणून त्या गोधड्या शिवतात. सौरऊर्जेवर चालणाऱ्या शिलाई मशीनसाठी त्यांना कर्ज हवं होतं. प्रत्येकीचा अंगठा यंत्रानं ओळखल्याशिवाय अर्ज पुढं जाणार नव्हता, आणि मुदत त्याच दिवशी संपत होती. फक्त रजियाखाला उरल्या होत्या, हात दुपट्ट्यात लपवून.

“सही करते. अंगठा नाय देणार.”

“खाला, मॅनेजरसाहेब पण अंगठा लावूनच आत जातात,” संगीता म्हणाली.

“जाऊ दे की. त्यांना कुणी अंगठेबहाद्दर म्हणत नाय.”

कुणी हसलं नाही. साठीला आल्यावर खाला नातीकडून सही शिकल्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“एका अंगठ्यापायी मशीन अडलं,” शेजारच्या कमलबाई पुटपुटल्या.

“ऐकू येतं मला, कमल.”

संगीतानं एक कोरा कागद पुढं केला. बँकेला त्याची काही गरज नव्हती. “आधी इथं सही, मग अंगठा. चालंल?”

खालांनी सावकाश ‘रजिया’ लिहिलं, वेलांटी पुन्हा गिरवली आणि कागद सगळ्यांना दिसेल असा ठेवला. मग यंत्रावर अंगठा ठेवून जुन्या सवयीनं तो इकडून तिकडं लोळवला. लाल दिवा लागला.

“शाईचा नाय हा, खाला. नुसता टेकवा.”

हिरवा लागला. खालांनी अंगठा दुपट्ट्याला पुसला.

“पुसता काय? शाई कुठंय?” कमलबाई म्हणाल्या.

“व्हय की,” म्हणत खालाच आधी हसल्या.

संध्याकाळी शहागंजात नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा, खाल्ला. तिखट सोसत असेल तर नक्की खा. निघताना खालांनी शिवलेली गोधडी बाराशेला घेतली. घासाघीस करावीशी वाटली नाही.

आता ती माझ्या पायांवर आहे. ‘वित्तीय समावेशन’ हा जड शब्द मी अनेकदा वाचला होता. काउंटरपाशी येताना माणसाला लहान वाटू नये, हेही त्यात येतं, हे मला त्या ओसरीत कळलं. फोन मी रोज अंगठ्यानंच उघडते. हल्ली उघडला की अंगठा पुसायला हात नकळत ओढणीकडं जातो.