अफू सुटेपर्यंत सोबत करणाऱ्या अक्का

वैद्य सीताबाई, म्हणजे आम्हा सर्वांच्या अक्का, यांना मी प्रथम पाहिले ते धुळ्यात, त्यांच्या दवाखान्याच्या ओसरीवर. मी जळगावहून वैद्यकी शिकायला नुकताच आलो होतो. समोर एक व्यापारी बसले होते. अक्कांचा काढा बाटल्यांत भरून ‘अफू सोडवणारा अर्क’ म्हणून खानदेशभर विकण्याची त्यांची योजना होती. अक्का शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, हा काढा पोट सावरतो, अंगदुखी हलकी करतो, थोडी झोप आणतो. अफू माणसालाच सोडावी लागते. बाटलीवर खोटं कसं छापू?” गृहस्थ तणतणत निघून गेले. अक्का माझ्याकडे वळल्या. “आलात? हात धुवा. कुड्याची साल कुटायची आहे.”

स्वातंत्र्यानंतरचे ते दिवस. परवान्यावर मिळणारी अफू सरकार हळूहळू कमी करत होते. कधीकाळी खोकल्यासाठी, सांधेदुखीसाठी गोळी घेऊ लागलेली साधी शेतकरी माणसे त्यामुळे हवालदिल झाली होती. घरचे लोक त्यांना लपवत. अक्कांनी मात्र दवाखान्याची एक खोली त्यांच्यासाठीच मोकळी केली.

पांझरा नदीकाठच्या एका गावातले दौलतआबा याच खोलीत आले. मुलांनी त्यांना अफू सोडवायची म्हणून घरात कोंडले होते. जुलाब, उलट्या आणि अंगाची तडफड यांनी ते अर्धमेले झाले, तेव्हा त्यांच्या पत्नीने स्वतःच कडी काढली आणि त्यांना बैलगाडीत घालून आणले. अक्कांनी नाडी पाहिली आणि लगेच शेजारच्या डॉक्टरांना बोलावले. “डॉक्टरसाहेब, अंगातलं पाणी संपलंय. आधी तुमचं सलाईन, मग माझा काढा.” आपल्या विद्येवर त्यांचा पूर्ण विश्वास होता, म्हणूनच दुसऱ्याची मदत घेताना त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. मागोमाग आलेल्या थोरल्या मुलाला त्यांनी एवढेच सुनावले, “बाप म्हणजे ढोर नाही, कोंडायला.” मुलाने मान खाली घातली आणि तो वडिलांचे पाय चेपत बसला.

आबा सावरल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली अफू थोडी थोडी कमी करायचे ठरले. जुलाबासाठी कुडा आणि सुंठ, झोपेसाठी जटामांसी, अशक्तपणासाठी दुधातून अश्वगंधा. तरीही सगळे अंग तुटते म्हणून चाललेली आबांची तगमग पाहवत नसे.

“अक्का, एक गोळी दे वो. बठ्ठं आंग तुटी ऱ्हायनं!”

“आबा, मी आठेच शे. कोठे जात नई,” अक्का त्यांच्याच अहिराणीत म्हणत आणि तिथेच बसून त्यांच्या तळपायांना तेल चोळत. एकदा आबांनी काढ्याचा पेला भिंतीवर फेकला. अक्कांनी भिंत पुसली आणि दुसरा पेला भरून आणला. त्याच दिवशी त्यांनी आबांच्या पत्नीला आपल्या घरी नेऊन जेवू घातले, दार लोटून झोपवले. त्या बाईची विचारपूस करायचे तोवर आम्हा कुणालाच सुचले नव्हते.

शेवटची गोळी बंद झाल्यावरही काही दिवस कठीण गेले. मग एका सकाळी आबा स्वतःहून उठून ओसरीवर आले आणि म्हणाले, “अक्का, आज झोप लागनी.” त्यांना अखेर झोप लागली हे ऐकून त्यांची पत्नी पदर तोंडाला लावून रडू लागली. आज आबा शेतात जातात, आणि नवा रोगी आला की बोलावण्याची वाट न पाहता येऊन त्याच्या उशाशी बसतात.

सगळ्यांचेच असे झाले नाही. एक शिक्षक बरे होऊन गेले आणि पुन्हा अफूकडे वळले. शरमेने ते दारातच उभे राहिले. आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. अक्का म्हणाल्या, “आलात ना? मग आत या. आधी जेवा, उद्या परत सुरुवात करू.” वैद्याने रोग्यावर रागावायचे नसते, हे मी त्या दुपारी शिकलो.

अक्का साठ वर्षांच्या झाल्या. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, ही आम्हा शिष्यांची मनापासूनची इच्छा आहे. आणि त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी आम्ही केलेले तेल त्यांनी यापुढे तरी कुरकुर न करता लावून घ्यावे, अशी हात जोडून विनंतीही आहे.