कोरड्या डोळ्यांची पोर

आमच्या बावड्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी करायची म्हणजे गल्लीतल्या चार बायका लागतात, आणि चौघींच्याही डोळ्यांना धारा लागतात. त्या उन्हाळ्यात माझी आठ वर्षांची लेक पाटीभर कांदे सोलून उठली, तरी डोळे कोरडे ठणठणीत. माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्याच. ती गल्लीभर सांगत सुटली, "डोळ्यात टिपूस न्हाय पोरीच्या. लई खमकी हाय." मीही मिरवून घेतलं. माझ्यासारखी मूर्ख बाई मीच.

पावसाळ्यात तिला साधा ताप आला. दोन उलट्या झाल्या आणि पोर माझ्या हातातच लुळी पडली. दवाखान्यात नेलं, तर रक्तातली साखर पार तळाला गेलेली. चार दिवसांनी ती उठून बसली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ही रडते तेव्हा डोळ्यांतून पाणी येतं का? घास अडकतो का? घासागणिक पाणी पिते म्हणून मी तिला रोज रागावत होते. डोळ्यांतलं पाणी मात्र काही केल्या आठवेना. मला तेव्हा सातवा महिना होता.

रक्ताच्या तपासणीत एक जनुक बिघडलेलं निघालं. बाईंनी कागदावर गोल काढून समजावलं. प्रत्येक पेशीत एक केंद्रक असतं, त्याच्या भिंतीला बारीक दारं असतात. त्या दारांत बसणारं अलाडिन नावाचं एक प्रथिन हे जनुक बनवतं. ते बिघडलं की पेशीला जपणारी काही प्रथिनं आत पोचत नाहीत. मग अश्रूंच्या ग्रंथी, अन्ननलिका आणि आजारपणात साखर सावरणाऱ्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथी काम सोडतात. नवरा साखर कारखान्यात कामाला. तो म्हणाला, म्हणजे गाड्या गेटावरच अडकल्या. बाई म्हणाल्या, तसंच.

बिघाड आम्हा दोघांकडून आला होता. मी आत्याच्याच घरी सून म्हणून गेले, याचं माहेरी केवढं कौतुक झालं होतं. आमचे आजी-आजोबा एकच, आणि हे देणंही त्यांचंच. पोटातल्या बाळालाही चारात एक धोका होता. लेकीला रोजच्या गोळ्या सुरू झाल्या, ताप आला की जास्त, आणि डोळ्यांत घालायचे थेंब.

मुलगा झाला. त्याचं रक्त तपासायला गेलं. पहिले दोन-तीन महिने पुष्कळ बाळांना नीट अश्रू येत नाहीत, तेव्हा बघत बसू नका, असं बाईंनी बजावलं होतं. मी बघतच बसले. बाराव्या दिवशी सोनाराने कान टोचले, पोर लालबुंद होऊन किंचाळलं, आणि मी त्याच्या डोळ्यांच्या कडा चाचपत राहिले. भुकेने रडायला लागला तरी लगेच पदराखाली घेत नव्हते. आणखी थोडं रडू दे, कदाचित येईल, असं वाटायचं. त्या भीतीने मी आई राहिले नव्हते.

दीड महिन्याने एका दुपारी पाळण्यात डोकावले, तर बाळाच्या गालावर ओघळ. मी आत्याला हाक मारली, हसत सुटले, देवापुढे साखर ठेवायला धावले. मागे वळले, तर लेक थेंबांची बाटली घेऊन उभी.

"मी घातलं," ती म्हणाली. "तू हासशील म्हनून."

मी फाडकन तिच्या तोंडात मारली. तिचं तोंड वाकडं झालं, खांदे हलायला लागले. गालावर हात फिरवला तर कोरडा. ही पोर अशी किती वेळा माझ्यासमोर रडली असेल, आणि नाटकं करू नकोस म्हणून मी तिला गप्प बसवलं असेल. जरा वेळाने तिने विचारलं, "त्यो माझ्यासारखा झाला तर तुला चालणार न्हाय व्हय, आई?"

तिला जवळ घेऊन मीच रडले. तिने फ्रॉकने माझे डोळे पुसले.

आठवड्याने रिपोर्ट आला. बाळाला आजार नव्हता. छातीवरचा दगड उतरला, खोटं कशाला बोलू. आत्या लगोलग पिशवी घेऊन पेढे आणायला निघाली. लेक चुलीपाशी भाकरीचा घास पाण्याबरोबर खाली उतरवत बसली होती, आणि घास तसाच तोंडात धरून आमच्याकडे बघायला लागली.

मी आत्याच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि परत खुंटीला अडकवली.