चुकून गाठलेली बैठक

आमच्या पोशेरा गावात देवालाही दारू लागते. पितरांच्या दिवशी मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडल्याशिवाय घरातलं कोणी घास घेत नाही. त्यामुळे ‘देवाचं नाव घे, दारू सुटेल’ असं कोणी सांगितलं की मला हसू यायचं. जो स्वतः घेतो तो मला काय सोडवणार? ही सोयीची शंका मी वीस वर्षं जिवापाड सांभाळली.

माझी बायको जनी नागली लावायच्या दिवसांत तापाने पडली. तिसऱ्या दिवशी तिने मला दवाखान्यात जायला जीप आणायला धाडलं. फाट्यापर्यंत अर्ध्या तासाची वाट आणि फाट्याच्या अलीकडे गुत्त्याची झोपडी. एक घोट घेऊ, मग जीप, असं मी ठरवलं. समोरून दोन जिपा गेल्या, त्या मला दिसल्यासुद्धा. संध्याकाळी माणसं शोधत आली तोवर जनी गेली होती. शेवटी ती पाणी मागत होती आणि जीप आली का म्हणून विचारत होती, असं सासूबाईंनी सांगितलं. मेलेल्याला शेवटचं पाणी द्यायला मी पुढे झालो तेव्हा बारा वर्षांची माझी चंद्री एवढंच बोलली, “बा, माझ्या आयला तू पाणी नको देऊस.” मग ती आजीबरोबर तिच्या गावी, दाभोशाला निघून गेली. इतकं झाल्यावर तरी दारू आपोआप सुटेल असं मला वाटलं होतं. उलट ती वाढली.

थंडीत एका रविवारी चंद्रीला बघायला निघालो. जव्हारला जीप बदलायची म्हणून उतरलो तर हात थरथरायला लागले. पोरीसमोर असे हात घेऊन जायचं कसं, त्यापेक्षा थोडी घेऊनच जावं, असा हिशोब डोक्यात चालला होता. तेवढ्यात शेजारच्या पंक्चरवाल्याने दुकानाचं शटर ओढलं आणि कोणाला तरी म्हणाला, बैठकीला उशीर होतोय. आमच्याकडे बैठक म्हणजे काय ते कोणाला समजवावं लागत नाही. चार माणसं आणि मध्ये बाटली. जनी रोज विचारायची, “बैठकीला चाललास?” आणि मी उंबरा ओलांडायचो. मी निर्लज्जपणे पंक्चरवाल्याला विचारलं, मी येऊ का? त्याने माझ्या हातांकडे पाहिलं आणि ये म्हणाला.

शाळेच्या एका खोलीत सतरंजीवर आठ-दहा माणसं बसली होती. मध्ये चहाची किटली. बाटली कुठे लपवलीय ते मी कोपऱ्याकोपऱ्यात बघत होतो. एकजण उठला, नाव सांगितलं आणि म्हणाला, मी दारुडा आहे. मला वाटलं, घेण्याआधीची फुशारकी असेल. पण तो स्वतःच्या मुलीच्या लग्नाबद्दल सांगू लागला. मांडवात पडू नये म्हणून भावांनी त्याला गोठ्यात कोंडलं होतं, आणि अक्षतांचा गलका त्याने तिथूनच ऐकला होता. कोणी हसलं नाही, कोणी च्‌च्‌ केलं नाही. माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “बाटली कधी काढणार?” मग मात्र सगळे हसले. पंक्चरवाला डोळे पुसत म्हणाला, “मीबी पहिल्या दिशी हेच इचारलं होतं, भाऊ.” त्या हसण्यात काय होतं कोण जाणे, मी ढसाढसा रडलो. जनी गेल्यापासून पहिल्यांदा तिचं नाव घेतलं आणि त्या दोन जिपांचं सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी मी दाभोशाला गेलो नाही.

पण दारू सोडणाऱ्यांच्या त्या बैठकीचा रविवार पुढे चुकवला नाही. आपल्याच्याने होत नाही ते देवावर सोडा, असं तिथे सांगत. मी माझी जुनी शंका काढली. पंक्चरवाला म्हणाला, “देवाला धार देतोस ती जमिनीत जाती. बाकीची बाटली कुणाच्या पोटात जाती?” मधे एकदा पाय घसरलाही. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा त्यांनी चहाच पुढे केला.

वर्ष उलटून पितरांचा दिवस आला. सासूबाई चंद्रीला घेऊन आल्या. माझ्या काकांनी जनीच्या नावाने धार सोडायला बाटली माझ्याकडे केली. मी ती घेतली नाही. पितर रुसतील म्हणून काका चिडले. दारूला हात लावायचा नव्हता, आणि पाणी द्यायला पोरीने मना केलं होतं. मी रिकामे हात घेऊन उभा राहिलो. मनात म्हटलं, देवा, आता तूच बघ, मला काही कळत नाही. तेवढ्यात चंद्री आत गेली आणि तांब्या घेऊन आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “आय पाणीच मागत होती.”

मी पाण्याची धार सोडली. ओंजळीत पाणी पडत राहावं म्हणून तिने तांब्या धरून ठेवला.

ती राहील अशी वेडी आशा होती, पण दुपारी ती आजीबरोबर परत निघाली. फाट्यापर्यंत मी सोडायला गेलो, वाटेत रविवारच्या बैठकीचं सांगितलं. गुत्त्याच्या झोपडीवरून तिघंही न थांबता पुढे गेलो. जनीपर्यंत कधी पोचली नाही तशी एक जीप मी हात करून थांबवली. माझ्या हाताला ती थांबली याचेही मी देवाचे आभार मानले. चंद्री चढली, आणि जीप हलता हलता वाकून म्हणाली, “बा, उद्या रविवार हाय. बैठकीला जा.”