भासऱ्यांचा संघ आणि शालूबाईंची शिट्टी

शालूबाई मेहकरच्या मुलींच्या शाळेत कवायत आणि खेळ शिकवत. लग्नाआधी अमरावतीला राहून त्यांनी व्यायामाचं शिक्षण घेतलं होतं, खो-खोच्या पंचाची परीक्षाही तिथंच दिली होती. सासरी आल्यावर सुनेनं शाळेत पोरींना पळवणं सासूबाईंना पटेना. तेव्हा भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ भगवानराव, मध्ये पडले. "शिकवू दे ना माय, काय बिघडते?" एवढं बोलून त्यांनी तो विषय संपवला.

भगवानराव स्वतः मुलांच्या शाळेत ड्रिल मास्तर. घरात अबोल माणूस. रीतीप्रमाणे धाकट्या भावजयीशी थेट बोलायचे नाहीत, शालूबाईही त्यांच्यापुढे डोक्यावर पदर घेऊनच वावरायच्या. मैदानावर मात्र हाच माणूस ओळखू येत नसे. चिखलीला एकदा अर्ध्या सामन्यातून संघ उठवून नेलेला. दुसऱ्या एका ठिकाणी भांडता भांडता चुन्याची रेषाच पायानं पुसून टाकलेली. त्यांच्या संघाचा सामना म्हटलं की निम्मे पंच आधीच अंग काढून घेत.

सहासष्ट सालच्या थंडीत जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा मेहकरात भरल्या. मुलांच्या खो-खोत शेवटच्या सामन्याला भगवानरावांचा संघ आला आणि समोर नांदुऱ्याचा, नजीर मास्तरांचा. त्याच सकाळी दोन पंचांपैकी एक तापानं आडवा झाला. सामन्याचे सरपंच, म्हणजे मुख्य पंच, होते अर्जुनराव. ते दुसरा माणूस शोधत असताना भगवानराव म्हणाले, "आमच्या घरच्या बाई पंच हायेत. त्याइले घ्या."

"घरच्याच बाई?" नजीर मास्तर उसळले. "अर्जुनरावजी, ये तो हद हो गई."

शालूबाई मुलींचा सामना आटोपून तिथंच उभ्या होत्या. भासऱ्यांनी आपलं नाव का सुचवलं, हे त्यांना लगेच कळलं. ही आपल्यापुढे तोंड उघडणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. "मास्तरांची हरकत असली तर मी उभी नाही राहात," त्या अर्जुनरावांना म्हणाल्या. नजीर मास्तरांनी मैदानभर नजर फिरवली. दुसरं कुणी नव्हतंच. "ठीक हाय," ते म्हणाले, "राहू द्या."

पहिला डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्या डावात आधी मेहकरची पोरं पळाली, मग नांदुऱ्याची पोरं पळायला आणि मेहकरची पाठलागाला आली. पाठलाग करणारा एक पोरगा पुढं निघून मध्येच मागं वळला. शालूबाईंनी शिट्टी फुंकली. फाउल. पोराला उलट दिशेनं जावं लागलं आणि पुढचा गडी हातचा निसटला.

"ओ बाई!" भगवानराव ओरडले. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि भासरे त्यांच्याशी पहिल्यांदाच थेट बोलत होते. "डोये हायेत का बटनं? कुठी वळला तो?" आणि ते तरातरा रेषेच्या आत आले.

अमरावतीचे मास्तर सांगायचे, ओरडणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायचं नाही, पाहिलं की उत्तर द्यावंसं वाटतं. त्यांनी खेळ थांबवला आणि मेहकरच्या कप्तानाला जवळ बोलावलं.

"मी फक्त तुझ्याशी बोलेन. तुझ्या मास्तरांना सांग, ते रेषेबाहेर गेले की खेळ सुरू होईल."

पोरगा बिचारा चार पावलांवर उभ्या असलेल्या मास्तरांना निरोप सांगायला गेला. लोक हसले. "घरी तं याचं लागन ना? मंग पायतो," भगवानराव सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. शालूबाईंनीही ते ऐकलं. त्या बसलेल्या पोरांच्या पायांकडे पाहत उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं भगवानराव बाहेर गेले आणि शिट्टी वाजली.

त्यानंतर चूक झाली ती शालूबाईंची. खांबाजवळ एक गडी वळला, मागच्या पोराचा हात त्याच्या पाठीकडे गेला, पण बसलेला पोरगा मध्ये आला आणि हात टेकला की नाही हे बाईंना दिसलं नाही. शिट्टी वाजली नाही. गडी क्षणभर थबकला, त्यानं बाईंकडे पाहिलं आणि पुन्हा पळत सुटला. त्या थबकण्यानंच त्यांना कळलं, गडी बाद होता. भगवानराव बाहेरून ओरडत होते आणि या खेपेस त्यांचं खरं होतं.

लगेच पुढं आणखी एका गड्यावर झडप पडली. हात जरा कमी पडला. बाद दिलं असतं तर कुणी हूं की चूं केलं नसतं, भगवानरावही गप्प झाले असते. शालूबाईंची शिट्टी ओठांपर्यंत गेली होती. त्यांनी फुंकली नाही.

नांदुऱ्याचा संघ एका गड्यानं जिंकला. नजीर मास्तर हात जोडून म्हणाले, "बाई, तुमच्यासारखे पंच नाहीत जिल्ह्यात." शालूबाईंना ते ऐकवेना. अर्जुनरावांना त्यांनी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, निकाल झाला, आता बदलत नाही.

संध्याकाळी भगवानराव जेवायला बसले. सासूबाई वाढत होत्या. शालूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"दादा, खांबाजवळचा तो गडी बाद होता. मले दिसला नाही."

भगवानरावांचा घास हातातच राहिला. "मंग त्याच्या पुढचा काऊन नाही देला?"

"तो बाद नव्हता."

"माही पोरं रडत घरी गेली."

"हाव. पाहिलं मी."

भगवानरावांनी हातातला घास खाल्ला. मग म्हणाले, "खांबाच्या तिकडून उभं राहात जा. इकडून आड येते." आणि भाजी मागितली.

पुढच्या वर्षी स्पर्धा खामगावला होत्या. शालूबाईंना आता बोलावणं येऊ लागलं होतं. नांदुऱ्याच्या सामन्यात त्यांनी एक फाउल दिला आणि नजीर मास्तर टोपी काढून हातात नाचवत रेषेच्या आत शिरले, "बाई, ये क्या अंधेर मचा रक्खा है?" शालूबाईंनी खेळ थांबवला आणि त्यांच्या कप्तानाला हाक मारली.