स्टॅलर्डांची स्वयंपाकीण

डॉर्कस पग स्टॅलर्डांकडे स्वयंपाकाला लागली तेव्हा तिला पाचवा महिना होता आणि लग्नाचा पत्ता नव्हता. मेजर स्टॅलर्ड घोडदळाबरोबर फ्रान्सच्या आघाडीवर होते. घरात बाईसाहेब आणि दोन लहान मुली. डॉर्कसनं पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं. बाईसाहेब एवढंच म्हणाल्या, "माळ्यावर पाळणा आहे. धुवून घे."

डॉर्कसची मुलगी नेस्टा त्या घरातच वाढली, साहेबांच्या मुलींचे जुने झगे घालून, त्यांच्याशीच भांडत.

लढाई संपली. मेजर गुडघा अधू होऊन परतले. घोड्यावर बसणं सुटलं, तसे ते राजकारणात पडले. निवडणुकीच्या तोंडावर पक्षाचे ब्लॅकमोर चहाला आले. डॉर्कस केक घेऊन दाराशी पोचली, तर आतून आवाज आला, "गावात कुजबुज आहे, मेजर. त्या पोरीचा बाप म्हणे तुम्हीच! मतदान होईतो तरी त्या स्वयंपाकिणीला घालवा."

डॉर्कस तशीच मागे फिरली आणि पेटी भरू लागली. पाठोपाठ बाईसाहेब आल्या.

"हे काय चाललंय?"

"माझ्यापायी तुमच्या घराला बट्टा नको."

"आणि स्वयंपाक कोण करणार? मी? मग मेजर मतदानाआधीच मरायचे!"

रडता रडता डॉर्कसला हसू फुटलं. ती राहिली.

शनिवारी सभा होती. मेजर बोलायला उभे राहतात तोच मागून कुणीतरी ओरडलं, "पोरीचं नाक कुणावर गेलंय, साहेब?" सगळे हसले. मेजर लालबुंद झाले.

डॉर्कस बाकावरून उठली. "तिचा बाप बाजारातला कसाई होता, पळून गेला. माझ्या बापानं मला हाकललं. या घरानं ठेवून घेतलं. आता हसा!"

कुणी हसलं नाही.

तरी मेजर निवडणुकीत पडले. त्या संध्याकाळी ते लंगडत स्वयंपाकघरात आले.

"हरलो, डॉर्कस."

"माझ्यामुळं."

"छे! माझ्या भाषणांमुळं. काही खायला आहे का?"

तिनं मटणाची गरम तंगडी वाढली. ते तिथंच, तिच्या टेबलाशी बसून जेवले.

पुढच्या खेपेला ते निवडून आले. पार्लमेंटात ते क्वचितच बोलले. पण बिनलग्नाच्या आयांचा विषय निघाला, तेव्हा अडखळत का होईना, उभे राहिले.

नेस्टाचं लग्न ठरलं तेव्हा तीच मेजरांकडे गेली. "वडिलांच्या जागी वेदीपर्यंत माझ्यासोबत चालाल?"

"हळू चालावं लागेल हं."

चर्चमध्ये पुढच्या बाकावर डॉर्कस बाईसाहेबांशेजारी बसली होती. नेस्टा आणि मेजर सावकाश पुढं येत होते. बाईसाहेबांनी डॉर्कसचा हात हातात घेतला, आणि तिनं तो घट्ट धरून ठेवला.